गवती रंगाची कोळंबी

गॅसचा रेग्युलेटर म्हणजे वस्तू ती केवढीशी, मुठीत मावेल एवढी. पण सुदेशने तो सिलिंडरवरून काढला, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळला आणि आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकला, तेव्हा दौलतरावांना वाटलं, पोरगा आपल्या घरातली चूलच उचलून चाललाय. बरं, त्यांना वाटलं ते काही खोटं नव्हतं.

दौलतराव बाहत्तरचे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, त्यात ते एकटे. बायको शेवंती दीड वर्षापूर्वी गेली. एकुलता एक मुलगा सुदेश आणि सून रसिका डोंबिवलीला राहतात. झालं होतं ते एवढंच, की एका सकाळी दूध उतू गेलं, त्याने ज्योत विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. शेजारच्या बाबुरावांना वास आला. त्यांनी दार ठोठावलं, आत घुसून बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. इथपर्यंत त्यांचे उपकारच. पण बाबुरावांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. दुपारी त्यांनी सुदेशला फोन लावून सगळं रामायण सांगितलं, आणि संध्याकाळी सुदेश ऑफिसातून थेट ठाण्याला आला.

आला तो निकाल घेऊनच. महिनाअखेर या घराला कुलूप. रसिकाच्या ओळखीतलं एक जोडपं भाड्याने यायला तयार आहे. तुम्ही आमच्याकडे चला, तोपर्यंत दोन्ही वेळचा डबा लावून देतो. पोरगा वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. तो घाबरला होता. दौलतरावांनी जागच्या जागी बराच आवाज केला, पण रेग्युलेटर निघाल्यावरही सुदेशने सिलिंडरचं तोंड दोनदा हुंगून बघितलं, ते दिसलं आणि मग त्यांनी त्याला अडवलं नाही.

डोंबिवलीला ते मागे पंधरा दिवस राहून आले होते. पाणी प्यायला उठले की 'बाबा, बसा, मी देते.' चपला घालायला लागले की 'बाबा, कुठे निघालात?' सगळं मायेनेच. पण असल्या मायेने माणूस एकदा बसला की उठतच नाही. इथे सकाळी जिना उतरला की चहावाल्यापासून वर्कशॉपच्या वॉचमनपर्यंत दहा जण नावाने हाक मारायचे. हे घर सुटलं की आपण संपलो, हे दौलतरावांना लख्ख दिसत होतं.

आता ते दूध उतू का गेलं, हेही सांगून टाकतो, कारण दौलतराव स्वतः ते कोणाला सांगणार नाहीत. सुदेशचा फोन रोज सकाळी आठला यायचा. गोळी घेतली का, चालायला गेलात का. स्वयंपाकघरात रेंज नाही, म्हणून फोन घ्यायला बाहेरच्या खोलीत खिडकीशी जावं लागायचं. त्या दिवशी पोरगा घर भाड्याने देणं कसं शहाणपणाचं, ते वीस मिनिटं समजावत होता. फोन ठेवला तरी दौलतराव खिडकीशीच धुमसत बसले. दूध तोवर त्यांची वाट बघत थोडंच बसणार होतं.

मग हे सांगायचं नाही का मुलाला? नाही. अडतीस वर्षं त्यांनी इथल्याच एका कारखान्यात भट्टी सांभाळली होती. लोखंडाची हत्यारं तापवायची, विझवायची, पुन्हा बेताने तापवून त्यांना पाणी द्यायचं, म्हणजे धार टिकेल असं करायचं, हे काम. तिथे माल बिघडला की सुपरवायझर विचारायचा, कोणाच्या भट्टीवर? ज्याची भट्टी तो म्हणायचा, माझ्या. लाइट गेली होती, कोणी हाक मारली होती, ही रडगाणी कोणी गायची नाहीत. भट्टी तुझी तर चूक तुझी, वहीत लिही आणि पुढे चल. तो पीळ दौलतरावांच्या अंगात मुरलेला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, आणि इथे तर सुंभही अजून शाबूत होता.

डबा सुरू झाला. पहिल्या दिवशी दुधी. दुसऱ्या दिवशी पडवळ. तिसऱ्या दिवशी पुन्हा दुधी, या वेळी डाळीत. चौथ्या दिवशी दौलतरावांनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, झाकण लावलं आणि मुलाला फोन केला.

"रविवारी दोघंही जेवायला या. आईची कोळंबी खाऊ घालतो. पोटभर जेवलात तर रेग्युलेटर परत आणायचा आणि घराचं नाव काढायचं नाही. नाही जेवलात तर सोमवारी कुलूप मी माझ्या हाताने लावतो."

मग गॅस नाही तर करणार कशावर, असं सुदेशने अगदी हळुवारपणे विचारलं, म्हणजे लहान पोराला विचारतात तसं. त्या हळुवारपणानेच दौलतरावांचं डोकं तडकलं. ते माझं मी बघतो म्हणाले. हॉटेलातून आणणार नाही, बाबुरावांच्या गॅसला हात लावणार नाही, हेही वर सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. कारण खरी परिस्थिती अशी, की दौलतरावांना चहा, दूध आणि वरणभात यापलीकडे काही येत नव्हतं.

आणि शेवंतीची कोळंबी म्हणजे काही साधं प्रकरण नव्हे. दौलतराव रत्नागिरीकडचे, शेवंती साताऱ्याची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने पहिल्याच आठवड्यात टोमणा मारला होता, की या घाटावरच्यांना शेंगदाण्याशिवाय काही सुचत नाही. शेवंतीने ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी घरात कोळंबी आली, तशी तिने ती कोकमाच्या आगळात मुरवली, तांदळाच्या पिठात बुडवली आणि सासूच्या डोळ्यांदेखत शेंगदाण्यात घोळवून तव्यावर टाकली. कोळंबी तुमची, दाणा माझा, असं म्हणालीसुद्धा. म्हातारी फुगून बसली, पण ताटाच्या कडेला शेपट्या मोजल्या तर तिच्याच सगळ्यात जास्त निघाल्या. तेव्हापासून दर रविवारी त्या घरात तोच बेत असायचा.

फोन ठेवल्यावर दौलतरावांची नजर माळ्यावर गेली. तिथे गेल्या दिवाळीपासून एक खोकं पडून होतं. कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट आला तेव्हा सुदेश-रसिकानेच एअर फ्रायर आणून दिला होता. यात तेल लागत नाही बाबा, नुसत्या गरम वाऱ्यावर तळतं. वाऱ्यावर कधी काही तळलं जातं का, असं म्हणून दौलतरावांनी तो माळ्यावर टाकला होता, आणि देणारेही विसरून गेले होते. आता त्यांनी स्टूल घेतलं, खोकं खाली काढलं, धूळ पुसली. "पोराने वाऱ्यावर सोडलं ना मला," ते शेवंतीच्या फोटोला म्हणाले, "मग वाऱ्यावरच तळतो."

त्यांच्या घरात सोमवार, गुरुवार, शनिवार मासळी नाही, आणि शेवंती पाळायची म्हणून मंगळवारही नाही. म्हणजे ट्रायलला बुधवार आणि शुक्रवार, दोनच वार हातात.

बुधवारी त्यांनी नाक्यावर कलावतीकडून कोळंबी घेतली. कलावती चेंदणी कोळीवाड्यातली, तीस वर्षं शेवंतीला मासळी देत आलेली. दुकानातून तयार दाण्याचा कूट आणला. पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे दोनशेवर काटा, बारा मिनिटं. जाळीत कोळंबी अशी खच्चून भरली, की मुंगी शिरणार नाही. बारा मिनिटांनी यंत्राने घंटी दिली आणि दौलतरावांनी टोपली ओढली. वरचा कूट कोळसा, मधली कोळंबी गिचका, खालची कच्ची. खोलीभर जळकट धूर. बाबुराव लगेच दारात हजर, काय जळलं हो म्हणून. दौलतरावांनी त्यांच्या तोंडावर दार लावून घेतलं.

जेवायला तोच दुधी खाल्ला. मग रागाने त्यांनी यंत्र उलटंपालटं करून बघितलं. वर तारेचं वेटोळं, त्याच्या मागे पंखा, खाली जाळी, बाजूने वारा फिरायला वाट. बघता बघता त्यांचा हात थांबला. अरे, ही तर आपली भट्टी! कारखान्यात हत्यारांना शेवटचं पाणी द्यायची भट्टी हुबेहूब अशीच होती, फक्त कपाटाएवढी. तिलाही वर पंखा होता आणि गरम वारा आत गरगर फिरायचा. आणि त्या भट्टीत नवशिक्याने माल खच्चून भरला तर दौलतराव काय म्हणायचे? वाऱ्याला जायला जागा ठेव रे गाढवा. ते शब्द आता त्यांनी स्वतःलाच मोठ्याने ऐकवले, आणि दीड वर्षात पहिल्यांदा एकटेच खो खो हसले.

मग काय, वही निघाली. भट्टी आधी रिकामी तापवायची. ओला माल आत घालायचा नाही. एकाला एक चिकटवायचं नाही. दोनशेचा तडाखा नको, एकशेऐंशीवर सबुरीने. अर्ध्यात पालटायचं. आणि घंटीवर विसंबायचं नाही, रंग बघायचा. हत्याराला पाणी देताना घासलेल्या लोखंडावर आधी वाळल्या गवताचा रंग चढतो, मग तांबूस, मग जांभळा, मग निळा. लेथच्या हत्याराला गवती रंगावर थांबवायचं, तिथून चुकलात की धार गेली. तो रंग दौलतरावांना झोपेतसुद्धा ओळखता आला असता.

एक गोष्ट मात्र वहीत बसत नव्हती. कूट का जळाला? शुक्रवारी त्यांनी मान खाली घालून कलावतीलाच विचारलं. तिने सुरी बाजूला ठेवली.

"भाजलेला कूट लावलास? भाजलेला परत भाजशील तर जलनार नाय तर काय रं? शेवंतीवयनी कच्चा दाना घ्यायची, कच्चा. जाडाभरडा कुटायची. कोलबीबरोबर तोबी शिजाला पायजे ना."

बाईने एका दमात अडतीस वर्षांच्या कारागिराचे कान उपटले. एकदा पाणी दिलेलं हत्यार पुन्हा तापवलं की रंग पळतो, हे ज्याला पाठ, त्याला हे कळू नये? दौलतराव गुपचूप कच्चे दाणे घेऊन घरी आले. शुक्रवारची कोळंबी रंगाला चांगली आली, फक्त दाणा कोरडा राहिला, त्याला थोडी तेलाची चमक हवी होती. चमच्याने तेल घातलं तर एकीकडे डबकं, एकीकडे ठणठणाट. तेव्हा दौलतराव उठले, हार्डवेअरच्या दुकानात गेले आणि मशीनला तेल सोडायचा नवा कोरा कॅन घेऊन आले. लांब नळीचा, बुडाला अंगठ्याने दाबला की टक करून एक थेंब पडतो तो. घासूनपुसून, उकळत्या पाण्याने धुऊन त्यात त्यांनी शेंगदाण्याचं तेल भरलं. पाणी उकळलं विजेच्या किटलीत, उगाच शंका नको.

रविवारी साडेबाराला दोघं आली. रसिकाने येताना पिशवीत पोळ्या आणि बटाट्याची भाजी आणली होती. कोळंबी बिघडली तर उपाशी राहायला नको, हा विचार. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी तिने ती पिशवी दाराआड ठेवली, पण दौलतरावांनी बघायची ती बघितलीच. ते काही बोलले नाहीत. तांदूळ किटलीतल्या उकळत्या पाण्यात भिजवून, झाकणाच्या डब्यात घालून त्याच यंत्रात भात शिजवलेला होता, कलावतीला विचारून केलेली सोलकढी तयार होती, आणि कोळंबीची पहिली टोपली त्यांनी नुकतीच आत सरकवली होती.

रसिका मदतीला म्हणून आत गेली. दोन मिनिटांत तिने सुदेशला हाक मारली, ती दबक्या आवाजात. ओट्यावर, कोळंबीच्या ताटाला लागून, तेलाचा कॅन उभा होता. तसलाच कॅन या घरात वर्षानुवर्षं पंख्याला आणि बिजागऱ्यांना तेल सोडायला वापरला जायचा, हे सुदेश लहानपणापासून बघत आलेला. त्याने कॅनकडे बघितलं, मग ताटातल्या कोळंबीवर चमकणाऱ्या थेंबांकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"बाबा, हे तेल तुम्ही कोळंबीवर घातलंत?"

"घातलं. एकेकीवर एकेक थेंब."

सुदेश स्टुलावर बसलाच. कपाळाला हात लावला. रसिकाने यंत्राचं बटण बंद करायला हात पुढे केला, तेव्हा कुठे दौलतरावांच्या ध्यानात आलं की ही दोघं काय समजली आहेत. पुरे झालं बाबा, सुदेश म्हणाला, चूक आमची, तुम्हाला एकटं ठेवायला नको होतं, सोमवारची वाट नको, आजच निघू.

दौलतरावांच्या अंगाची लाही लाही झाली. दूध उतू गेलं, कबूल. पण खायच्या तेलात आणि मशीनच्या तेलात फरक कळेना, इतका हा बाप वाया गेला? बोलायला त्यांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मुलाला बोटाने थांब अशी खूण केली. पाच मिनिटं झाली होती. त्यांनी सुनेचा हात बाजूला केला, टोपली ओढली, चिमट्याने चौदाच्या चौदा कोळंब्या एकेक करून पालटल्या, टोपली परत आत ढकलली. घाई नाही की गडबड नाही. मग कॅन उचलला, मान मागे केली, नळी तोंडावर धरली आणि अंगठा दाबला. टक. टक. टक.

रसिका किंचाळली. दौलतरावांनी गिळलं, मिशी पुसली, आणि मुलाचा तळहात ओढून त्यावर एक थेंब सोडला.

"चाट."

सुदेशने हात नाकाशी नेला. मग जीभ लावली. मग बापाकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"शेंगदाण्याचं आहे," दौलतराव म्हणाले. "अडतीस वर्षं मशीनच्या तेलात कोपरापर्यंत हात घालून घरी येत होतो मी. आणि त्याच हाताने तुला घास भरवायचो. एका तरी घासाला त्याचा वास आला का रे तुला?"

आत पंखा तेवढा घोंघावत होता. दौलतरावांनी टोपली जरा ओढून आत डोकावलं, परत सरकवली, मनात वीस मोजले, पुन्हा ओढली. वाळल्या गवताचा रंग. घंटी व्हायला अजून मिनिट होतं. तिला कोण विचारतंय. त्यांनी कोळंबी ताटात काढली आणि दोघांना बसा म्हणाले, तेही असं, की दोघं निमूट बसली.

सुदेशने पहिली कोळंबी शेपटीला धरून उचलली. कुर्रकन आवाज झाला. आधी दाणा, मग कोकमाचा आंबटपणा, मग आतली रसरशीत कोळंबी. तो चावायचा थांबला. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने लपवलं नाही. तिखट लागलं का, असं दौलतरावांनी मुद्दाम विचारलं. सुदेशने मान हलवली आणि दुसरी उचलली. दुसरी टोपली आली, तिसरी आली. रसिका सुरुवातीला बेताबेताने खात होती, मग तिने पदरासारखी ओढणी कमरेला खोचली आणि चौथ्या टोपलीतल्या सहा कोळंब्या न विचारता आपल्या ताटात ओढल्या. जेवण झाल्यावर दौलतरावांनी ताटांच्या कडेच्या शेपट्या मोजल्या. सुनेच्या जास्त निघाल्या. पोळ्यांची पिशवी दाराआड तशीच होती.

हात धुऊन सुदेशने बॅग उघडली. वर्तमानपत्राचं पुडकं त्यातच होतं, त्या दिवसापासून बाहेर काढलेलं नव्हतं. सिलिंडरपाशी उकिडवा बसून तो रेग्युलेटर बसवायला लागला. कडं उचलायचं की दाबायचं हे त्याला जमेना. दौलतरावांनी वाकून त्याच्या हातावर हात ठेवला, कडं वर, दाब, आता सोड. खटकन बसला. सुदेश तिथेच बसून रेग्युलेटर हलवून बघत राहिला.

"त्या जोडप्याला नाही म्हणून कळवतो," तो म्हणाला. "पण माझी एक अट आहे बाबा. मी रोज फोन करणार. सकाळी आठला, न चुकता."

"कर की. पण आठला नको." दौलतराव कॅनची नळी फडक्याने पुसत होते. "आठला माझं दूध गॅसवर असतं."

बरं, म्हणून सुदेश उठायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. त्याचा हात अजून रेग्युलेटरवर होता. तोंडावरचा रंग हळूहळू बदलत गेला.

"बाबा, त्या दिवशी मी..."

दौलतरावांनी त्याला पुढे बोलू दिलं नाही. भट्टी त्यांची होती.

"नऊला कर," ते म्हणाले, आणि तिघांच्या चहाचं आधण ठेवायला त्यांनी काडी ओढली.